पुलावरची तीन मिनिटं

मुलांनो, ठाकुर्ली स्टेशन पाहिलंय का तुम्ही? डोंबिवली सुटली की पुढचं स्टेशन ठाकुर्ली आणि त्यानंतर कल्याण. जलद लोकल सहसा इथं थांबत नाहीत. मेल-एक्स्प्रेस तर भोंगा वाजवत सुसाट निघून जातात. पण स्टेशन लहान म्हणून त्याला कमी समजू नका हं! १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली, म्हणजे इथल्या मातीवरून गाड्या धावू लागल्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. पुढं विजेच्या गाड्या आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी वीज तयार करायला जी.आय.पी. रेल्वेनं वीजघर बांधलं, तेही इथंच, चोळे गावाजवळ.

आज मात्र मी तुम्हाला इतिहास सांगायला बसलेलो नाही. आज बोलायचंय ते आपल्या पायांविषयी. होय, पायांविषयीच! कारण आपले पाय पुष्कळदा आपल्याला न विचारताच चालत असतात.

मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. माझा क्लास स्टेशनच्या पूर्वेला आणि घर पश्चिमेला. बाबा ऑफिसातून यायचे, मी त्यांची वाट पाहत उभा असायचो आणि मग आम्ही दोघं मिळून घरी जायचो. कसे? पुलावरून? छे! सरळ रूळ ओलांडून. सगळेच जायचे. दप्तरवाली मुलं जायची, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या मावश्या जायच्या, मग आम्हीही जायचो.

एका पावसाळी संध्याकाळी आम्ही असेच निघालो. एक लोकल समोरून गेली. ती गेली की रस्ता मोकळा, असं समजून मी पाऊल उचललं आणि बाबांनी माझं मनगट इतक्या जोरात मागं ओढलं, की मी खडीवर आपटलो. दुसऱ्या रुळावरून उलट दिशेनं एक मेल धडधडत निघून गेली. पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज मला ऐकूच आला नव्हता. बाबा काही बोलले नाहीत, पण घरी पोहोचेपर्यंत त्यांचा हात थरथरत होता.

आता गंमत ऐका, खरं तर गंमत नव्हेच ती. आम्ही दोघांनी शपथ घेतली, की यापुढं पुलावरूनच जायचं. चार दिवस गेलोही. पाचव्या दिवशी बोलता बोलता पाहतो तर काय, आम्ही पुन्हा रुळांच्या कडेला उभे! कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. पायांनी ठरवलं होतं.

असं का होतं बरं? आपला मेंदू मोठा काटकसरी आहे. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा केली, की तो ती विचार न करता करण्याची सोय लावून टाकतो. दात घासताना तुम्ही ‘आता ब्रश उजवीकडं’ असं मनात म्हणता का? नाही ना? यालाच आपण सवय म्हणतो. सवयीचे तीन तुकडे असतात. एक खूण, एक कृती आणि एक बक्षीस. गाडीतून उतरणं ही खूण, रूळ ओलांडणं ही कृती आणि घरी लवकर पोहोचणं हे बक्षीस. ही साखळी शपथेनं तुटत नाही, कारण शपथ लक्षात ठेवावी लागते आणि सवय लक्षात ठेवावी लागत नाही!

त्यात आपले डोळेही आपल्याला फसवतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ साली असं मत मांडलं, की मोठ्या वस्तू असतात त्यापेक्षा हळू येत आहेत असं आपल्याला वाटतं. गाडी दुरून येताना जणू रेंगाळते आहे असं दिसतं. आता गणित करा पाहू. ताशी ९० किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. दहा सेकंदांत २५० मीटर! बारा डब्यांची लोकल साधारण तेवढीच लांब असते. म्हणजे तुम्ही बुटाची सुटलेली नाडी बांधेपर्यंत अख्ख्या लोकलएवढं अंतर कापून गाडी तुमच्यापाशी आलेली असते. आणि मोटरमननं ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही.

२०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं प्राणाला मुकली. त्यातलं सर्वांत मोठं कारण होतं रूळ ओलांडणं. रूळ ओलांडणं गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाट्याही जागोजाग असतात. पण पाटी रोज दिसली की ती दिसेनाशी होते!

म्हणूनच हार्बर मार्गावर वडाळ्याला २००९-१० च्या सुमारास एक वेगळाच प्रयोग झाला. ‘फायनलमाइल’ नावाच्या संस्थेनं मध्य रेल्वेबरोबर तो केला. त्यांनी लोकांना उपदेश केला नाही. रुळांखालचे काही स्लीपर पिवळ्या रंगानं रंगवले. येणाऱ्या गाडीखाली ते पिवळे पट्टे भराभर गडप होताना दिसले, की गाडीचा खरा वेग डोळ्यांना कळतो. नेहमीच्या पाटीऐवजी गाडीसमोर सापडलेल्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रं लावली. आणि एका लांबलचक भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे वाजवायला सांगितले, कारण मधल्या शांततेनं कान टवकारले जातात. तिथले अपघाती मृत्यू बरेच कमी झाले. बघा, माणसं तीच होती, फक्त पाय उचलण्याआधी त्यांना क्षणभर जाग आली.

रेल्वे चालवणारी माणसं तर ही जाग रोज मुद्दाम आणतात बरं का! एक्स्प्रेस गाडीच्या इंजिनात चालक आणि सहचालक असतात. सिग्नल दिसला की ते हात दाखवून त्याचा रंग एकमेकांना मोठ्यानं सांगतात. आपल्याला वाटेल, दोघांनाही दिसतोय की, मग ओरडायचं कशाला? जपानमध्येही रेल्वे कर्मचारी सिग्नलकडं बोट दाखवून तो मोठ्यानं उच्चारतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली हे तपासून पाहिलं. काहीच न करता दर शंभर कृतींमागं सुमारे २.३८ चुका झाल्या. बोट दाखवून बोलल्यावर त्या ०.३८ वर आल्या. म्हणजे चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी घटल्या! डोळे, हात, तोंड आणि कान एकाच कामाला लागले, की मन दुसरीकडं भटकायला जागाच उरत नाही.

मग आमची सवय कशी बदलली? ती युक्ती बाबांचीच. ते म्हणाले, “आजपासून असं करू. पुलाच्या पहिल्या पायरीवर पाऊल पडलं, की तू मला दिवसातली एक गोष्ट सांगायची. आणि वर पोहोचलो, की मी तुला एक सांगणार.” बस्स, एवढंच. पहिल्या दिवशी मी गणिताच्या तासाची फजिती सांगितली. बाबांनी त्यांच्या साहेबांच्या हरवलेल्या चष्म्याची गोष्ट सांगितली. तो साहेबांच्या डोक्यावरच होता! महिनाभरानं असं झालं, की क्लास सुटायच्या आधीच मी मनात ठरवायचो, आज काय सांगायचं. घड्याळ लावून पाहिलं, तर पुलावरून जायला आम्हाला तीन मिनिटं जास्त लागायची. घरी गेल्यावर बाबा दमलेले आणि मला अभ्यास. दिवसभरात आमचं निवांत बोलणं व्हायचं ते त्या तीन मिनिटांतच. जी तीन मिनिटं वाचवण्यासाठी आम्ही जीव धोक्यात घालत होतो, तीच आमची सर्वांत आवडती झाली.

बाबांना ठाऊक नव्हतं, पण पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशाच युक्तीचा अभ्यास केला आहे. नुसतं ‘मी नीट वागेन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असा नेमका बेत केला, तर तो पार पडण्याची शक्यता वाढते.

तुम्हालाही एखादी सवय लावून घ्यायची आहे का? मग एवढं करून पाहा.

एकच सवय निवडा. पहाटे उठणं, व्यायाम आणि रोजनिशी असं सगळं एकदम नको.

ती रोजच्या एखाद्या खुणेला बांधा. ‘रात्रीचं ताट उचललं की उद्याचं दप्तर भरीन.’ ‘पुस्तक उघडलं की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवीन.’

सुरुवात इतकी लहान ठेवा, की कंटाळ्यालाही कंटाळा येईल! एक पान वाचन, पाच सूर्यनमस्कार.

घराबाहेर पडताना बोट दाखवून मोठ्यानं म्हणा, “डबा घेतला, पंखा बंद, नळ बंद.” ताई हसेल, हसू द्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारा. आणि एखादा दिवस चुकला तर? रडू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असं त्यांना आढळलं. कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ दिवसही लागतील. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यांनी पाहिलं. तेव्हा २१ दिवसांत नाही जमलं, तर ‘मी आळशीच’ असं म्हणून सोडून देऊ नका.

फक्त एका बाबतीत ही सूट नाही. रूळ ओलांडण्यात ‘आजच्या दिवस चालेल’ असा दिवस नसतो.

आणि आई-बाबा, हा लेख तुम्हीही वाचत असाल, तर एक विनंती. मुलं आपलं बोलणं कमी ऐकतात, पण आपल्या पायांकडं नीट पाहत असतात. पुढच्या वेळी स्टेशनवर उतराल, तेव्हा मुलाचा हात धरा आणि पहिल्या पायरीवर विचारा, “आज काय झालं रे?”

बाबा आता थकले आहेत. जिना चढताना मध्येच थांबतात. परवा आम्ही बरोबर होतो, त्यांनी कठडा धरला, पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मला कळलं, आज माझी पाळी आधी.