मुळावरील गाठी आणि पेशीतील जनुकांचे नियमन

हरभरा, तूर, भुईमूग, सोयाबीन इत्यादी पिकांच्या मुळांवर लहान लहान गाठी येतात व त्यांतील जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, ही गोष्ट आता बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक आहे. 1888 साली हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी ती सिद्ध केली. परंतु एकाच गावातील दोन शेतांपैकी एकात गाठी भरपूर येतात आणि दुसऱ्यात पीक हिरवेगार दिसूनही मुळे रिकामी असतात, असे का होते? याचे उत्तर पेशींच्या अंतर्गत कारभारात आहे. तो कारभार समजल्यास खतावरील बराच व्यर्थ खर्च वाचविता येतो.

प्रत्येक सजीव पेशीत डी. एन. ए. या द्रव्याच्या लांब धाग्यावर अनेक जनुके असतात. एखादे प्रथिन कसे तयार करावे, याची माहिती जनुकात साठविलेली असते. मात्र सर्व जनुके सर्व वेळी वापरली जात नाहीत. गावाच्या दप्तरात सर्व गटांच्या नोंदी असतात. परंतु ज्या गटाचे काम निघेल त्याच गटाचा उतारा काढला जातो आणि मूळ नोंद जागच्या जागी राहते. पेशीचीही रीत अशीच आहे. ज्या जनुकाची गरज असेल तेवढ्याचीच नक्कल आर. एन. ए. या द्रव्याच्या रूपाने एक विकर तयार करते. या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात. या नकलेवरून पुढे प्रथिन बनते. नक्कल केव्हा काढावयाची व केव्हा थांबवावयाची, हे नियामक प्रथिने ठरवितात. 1961 साली जाकॉब व मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी आतड्यातील एका जिवाणूवरील प्रयोगांच्या आधारे ही व्यवस्था प्रथम उलगडून दाखविली. दुधातील साखर उपलब्ध झाली तरच तो जिवाणू ती पचविणारे विकर तयार करी. या संशोधनाबद्दल त्यांना 1965 साली, ल्वोफ यांच्यासमवेत, नोबेल पारितोषिक मिळाले.

मुळावरील गाठीत हीच व्यवस्था क्रमाक्रमाने काम करते. जमिनीत मोकळा असलेला रायझोबियम जिवाणू गाठी घडविणारी आपली जनुके बंद ठेवतो. त्या जनुकांच्या प्रारंभस्थानाशी ‘नॉड-डी’ नावाचे नियामक प्रथिन असते. द्विदल पिकाच्या मुळांतून फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्ये मातीत पाझरतात. योग्य द्रव्य मिळताच हे प्रथिन कार्यान्वित होते आणि प्रतिलेखनास आरंभ होतो. मग जिवाणू मुळास उलट संकेत पाठवितो, मूलरोम वाकडे होतात, जिवाणू आत शिरतो व गाठ बनू लागते. निरनिराळ्या पिकांचे संकेत निरनिराळे असतात. यामुळेच हरभऱ्याचे जिवाणू संवर्धन सोयाबीनला उपयोगी पडत नाही.

गाठ तयार झाली म्हणजे नत्र मिळू लागला, असे मात्र नव्हे. हवेतील नत्राचे रूपांतर करणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून प्राणवायू अत्यल्प असेल तेव्हाच जिवाणू त्या विकराची जनुके वाचतो. प्राणवायू आटोक्यात ठेवण्यासाठी वनस्पती लेगहिमोग्लोबिन हे तांबडे प्रथिन बनविते. त्याचे जनुक पानातील पेशीतही असते. परंतु त्याची विपुल नक्कल गाठीतील पेशींतच होते. चिरलेली गाठ आतून गुलाबी दिसते ती या प्रथिनामुळे.

आता खताचा प्रश्न पाहू. गाठी पोसण्यासाठी पिकास आपली साखर खर्च करावी लागते. जमिनीत नत्र मुबलक असल्यास हा खर्च करण्याचे पिकास कारण उरत नाही. नत्राची चाहूल लागताच वनस्पतीच्या पेशींतील काही नियामक प्रथिने गाठी घडविण्याशी संबंधित जनुकांना आवर घालतात. जो शेतकरी कडधान्यास युरियाचे हप्ते देतो, तो हवेतून फुकट मिळणारा नत्र बंद करून तोच नत्र पैसे देऊन विकत घेतो. गाठी कामास लागेपर्यंतच्या काळापुरता थोडा नत्र पेरणीच्या वेळी देणे इष्ट असते. हरभऱ्यास हेक्टरी 25 किलो नत्र व 50 किलो स्फुरद देण्याची शिफारस याच विचाराने केलेली आहे.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. पिकासाठी नेमके असलेलेच रायझोबियम संवर्धन वापरावे. पाकिटावरील मुदत पाहावी व पाकीट उन्हात ठेवू नये.

2. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व जिवाणू संवर्धनाची नंतर करावी. दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड द्रावणातून हलक्या हाताने चोळावे. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.

3. पेरणीनंतर 30 ते 40 दिवसांनी शेताच्या निरनिराळ्या भागांतील काही झाडे मातीसह खणून काढावीत. झाड उपटू नये, कारण गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुऊन गाठी चिराव्यात. आत गुलाबी वा तांबूस रंग असल्यास गाठी काम करीत आहेत असे समजावे. पांढऱ्या किंवा हिरवट गाठींपासून पिकास फारसा नत्र मिळत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा शेतकऱ्यांच्या समक्ष, त्यांच्याच शेतात करून दाखवावी. शक्य तर भरपूर युरिया दिलेल्या व न दिलेल्या शेतांतील झाडे शेजारी शेजारी ठेवावीत. पिकाचा हिरवेपणा पाहून युरियाचा निर्णय घेणारा शेतकरी एकदा मुळाकडे पाहू लागला, म्हणजे पुढील हंगामात खताचे पोते उचलण्यापूर्वी तो आपण होऊन कुदळ हाती घेईल.