दिवाडी : बांध आणि हद्द

मांडवीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या अगदी समोर, दिवाडी नावाचे बेट आहे. रायबंदराहून, जुन्या गोव्याहून किंवा पलीकडे डिचोली महालातील नार्व्याहून फेरीबोटीनेच तेथे जावे लागते. कोकण रेल्वेचा मार्ग मात्र बेटावरून गेला आहे. तथापि तेथे स्थानक नसल्यामुळे मुंबईहून मडगावास निघालेला प्रवासी पिएदादच्या टेकडीवरील चर्च खिडकीतून क्षणभर पाहतो आणि आपण एक बेट ओलांडले हे त्याच्या ध्यानीही येत नाही. दिवाडीकरांना याचे फारसे वैषम्य वाटत असल्याचे दिसत नाही.

या बेटाचा इतिहास लिहिणारे बहुधा सप्तकोटेश्वराच्या देवळापासून प्रारंभ करतात. कदंब राजांचे हे कुलदैवत, आणि त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख त्यांनी आपल्या नाण्यांवरही कोरविला. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी देऊळ उद्ध्वस्त केले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. पोर्तुगिजांनी 1540 च्या सुमारास ते पाडले. पुढे लिंग नदीपार नेण्यात आले, तेथील वस्तीसही बेटावरील मूळ स्थानाप्रमाणे नार्वे हेच नाव रूढ झाले, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे जे मंदिर बांधण्यास आरंभ झाला, त्याचा शिलालेख आजही वाचावयास मिळतो. एवढा इतिहास मराठी वाचकास बहुधा ठाऊकच असतो.

परंतु देव गेला, धर्म पालटला, राज्ये उलथली, आणि तरीही बेटावरील गावे गावे म्हणून टिकली, ती कशाच्या आधारावर? माझ्या मते याचे उत्तर देवळात नाही, चर्चमध्येही नाही; ते चिखलाच्या बांधात आहे.

दिवाडीची सखल शेते नदीच्या भरतीरेषेखाली आहेत. त्यांना खाजन म्हणतात. माती, पेंढा आणि दगड यांनी घातलेल्या बांधाने खारे पाणी बाहेर अडवावयाचे, आणि पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी बांधात मानस ठेवावयाची, अशी ही योजना. मानशीची रचना पाहण्याजोगी असते. दगडी चौकटीत लाकडी झडपा अशा टांगलेल्या असतात की ओहोटी लागली म्हणजे आतील पाण्याच्या रेट्याने त्या बाहेरच्या बाजूस उघडतात, आणि भरती चढू लागली की नदीचेच पाणी त्यांना चौकटीवर दाबून घट्ट बंद करते. माणसाचा हात न लागता दिवसातून दोनदा हा व्यवहार चालतो. आतल्या पोंयीत, म्हणजे बांधालगतच्या खोलगट जलाशयात, मासळी आणि सुंगटे साठतात, आणि मानशीवर जाळे लावण्याच्या हक्काचा लिलाव होतो. शेतात पावसाळ्यात खार सोसणारे कोरगूट भात पिकते. एकाच ठिकाणी बांध फुटला तरी खार सर्वांच्या शेतात शिरते. यास्तव बांधाची राखण कोणा एका खातेदाराची बाब होऊ शकत नाही.

गावकारी ही संस्था या सामाईक गरजेवरच उभी होती. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवे घेतले, आणि अवघ्या सोळा वर्षांत, 1526 मध्ये, आफोन्सो मेशिया या महसुली अधिकाऱ्याने दिवाडी ज्यात मोडते त्या तिसवाडीच्या गावांची वहिवाट एका सनदेत नोंदवून घेतली. ओसाड बेटे लागवडीस आणणाऱ्या मूळ पुरुषांपासून गावकारांची परंपरा या दस्तऐवजात सांगितली आहे, आणि गावाच्या कुळकर्ण्याचाही त्यात उल्लेख येतो. सरकारास द्यावयाचा वसूल एकेका रयतेवर नव्हे, समग्र गावावर होता. तो व खर्च वजा जाता उरेल ते गावकारांत वाटले जाई, आणि तूट आली तर तीही त्यांनीच सोसावयाची. नव्या राज्यकर्त्यांनी देवळे पाडली, पण ही जमाबंदी मोडली नाही. गावकारीला कोमुनिदाद हे नाव दिले आणि ती चालू ठेवली. यात औदार्य शोधण्याचे कारण नाही. बांध फुटला तर वसूल बुडतो, एवढे त्यांना कळत होते.

 

बेटाचा ऑगस्टमधील बोंदेरां उत्सव हद्दीच्या भांडणांतून जन्मला, असे सांगतात. वाड्यावाड्यांच्या सीमा दर्शविण्यासाठी पोर्तुगिजांनी निशाणे रोवली. मानी मंडळींनी ती दगड मारून पाडली. आज त्याच भांडणाचे नाटक दरवर्षी मोठ्या हौसेने होते: रंगीत निशाणांची मिरवणूक, चित्ररथ, आणि फोटाश नावाच्या वेळूच्या नळीतून उडविलेली कच्ची तिरफळे. ज्यांना बांध एकत्र राखावा लागे त्यांना हद्दीवरून भांडण्याचाही पूर्ण अधिकार होता, आणि तो त्यांनी सोडला नाही, याचे मला कौतुक वाटते. बाहेरच्या प्रेक्षकांची गर्दी वाढल्यापासून मात्र भांडणापेक्षा वाद्यवृंदाचाच आवाज अधिक ऐकू येऊ लागला आहे.

खरी हद्द मोडली ती अन्यत्र. 1961 च्या गोवामुक्तीनंतर कोमुनिदादींचे अधिकार उत्तरोत्तर आक्रसत गेले. 1964 च्या कुळकायद्याने व त्यापुढील दुरुस्त्यांनी जमिनीचा हक्क कसणाऱ्याकडे जाऊ लागला, आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. जमीन कसणाऱ्यास मिळावी यात अन्याय काही नाही. उलट गावकारीच्या वाट्यात कसणाऱ्यांना आणि खालच्या थरांना फार थोडे स्थान होते, हे तिच्या चाहत्यांनी झाकून ठेवू नये. पण हक्क वाटून देता येतो तसे कर्तव्य वाटून देता येत नाही. त्यात आखातातील, विलायतेतील आणि पोर्तुगालमधील नोकऱ्यांनी तरुण मंडळी ओढून नेली. शेत पडीक राहिले की त्याच्या धन्याला मानशीची झडप कुजल्याचे सोयरसुतक उरत नाही, आणि खार शिरलेल्या जमिनीत खारफुटी हातपाय पसरते. पुढे तीच खारफुटी संरक्षित वन ठरून शेताची वाट कायमची अडवते.

सध्या बेटावर चर्चा चालते ती पुलाची. रुग्णास रात्री नदीपार न्यावयाचे तर फेरीबोटीवर विसंबणे किती जिवावरचे असते, हे पुलाचे समर्थक सांगतात. पूल झाला की बेटाच्या जमिनी परक्या बंगलेवाल्यांच्या हाती जातील, हे विरोधक सांगतात. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि यांपैकी कोणाची बाजू घ्यावी हे ठरविण्याचा अधिकार किनाऱ्यावरून पाहणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. पूल होवो वा न होवो, पावसाळ्यापूर्वी बांधावर चिखल कोणी चढवावयाचा आणि मानशीच्या झडपा कोणाच्या खर्चाने बदलावयाच्या, एवढी बाब कोमुनिदाद, कुळसंघ आणि पंचायत यांनी मिळून कागदावर आणावयाची आहे. मेशियाने गावांची वहिवाट सोळाव्या शतकातच कागदावर आणली होती.