मेजर मंट आणि करवीरचा काळा दगड

जालन्यात एखादी जुनी वास्तू कोणाची असे विचारले, की नाव निघते ते सुभेदाराचे किंवा किल्लेदाराचे. मोती तलाव आणि काळी मशीद जमशेदखानाची, तर शहराच्या पूर्वेची गढी काबिलखानाची. ही गढी त्याने निजाम-उल-मुल्क आसफजाहाच्या हुकमावरून १७२५ मध्ये उभी केली. तिचा आराखडा कोणी आखला, चिरा कोणी घडवला, हे इतिहासाने नोंदवून ठेवलेले नाही. एकोणिसाव्या शतकातही यात फरक पडला नाही. १८२७ पासून जालन्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. अंमलदार इंग्रज, खर्च निजामाचा, अशी ही फौज. त्या खर्चाच्या थकबाकीपायी १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाच्या हातून इंग्रजांच्या ताब्यात गेला. निजामाचा आणि त्याच्या अमीर-उमरावांचा इमारतींचा शौक हैदराबादेत पुरा होई. मराठवाड्यातल्या गावाला वास्तुकार मिळण्याची सोयच नव्हती.

त्याच शतकात, मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, करवीर ऊर्फ कोल्हापूर संस्थानात मात्र ही सोय झाली. कोल्हापूरचा टाऊन हॉल, सरकारी इस्पितळ आणि नवा राजवाडा या तिन्ही इमारतींमागे एकच नाव आहे : चार्ल्स मंट. मुंबई इलाख्यातला हा लष्करी अभियंता इंजिनिअर्स दलात मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचला आणि १८८१ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, वारला.

लष्करी माणसाने राजवाडे बांधावेत याचे आज नवल वाटते. तेव्हा तो रिवाजच होता. मुंबईचे सेक्रेटरिएट १८७४ मध्ये पुरे झाले, ते कर्नल विल्किन्सचे. हायकोर्टाची इमारत १८७८ मध्ये उभी राहिली, ती फुलरची. दोघेही रॉयल इंजिनिअर्सचे. पूल, रस्ते, बराकी, कचेऱ्या या सगळ्यांचे शिक्षण एकाच शाळेत झालेले. छावणीत बदली झाली तर ठरावीक नमुन्याच्या बराकी बांधायच्या, राजधानीत झाली तर कमानी आणि मनोरे. मंटच्या वाट्याला संस्थाने आली, आणि त्यामुळे त्याची वाट इतरांपेक्षा निराळी झाली.

कोल्हापूरचा तो काळ अवघड होता. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये अवघ्या विशीत निधन पावले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारली गेली, तिचा आराखडा मंटचा. आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा, हायकोर्टवाल्या फुलरचा नव्हे. फ्लॉरेन्सच्या कॅशिने बागेत ती छत्री आजही आहे आणि तिच्यावरचा मजकूर चार भाषांत कोरलेला आहे. १९७८ मध्ये जवळच झालेल्या पुलालाही लोकांनी ‘भारतीयाचा पूल’ असेच नाव दिले. घाटावर किंवा समाधीवर बांधायची आपल्याकडची छत्री एका इंग्रज अभियंत्याने कागदावर काढावी आणि ती युरोपात उभी राहावी, हा प्रवास उलट्या दिशेचा होता. मंटच्या पुढच्या कामाची दिशा त्यात दिसते.

राजाराम महाराजांनंतर १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज लहान होते. पुढे त्यांना वेडे ठरवून बाजूला सारण्यात आले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांचा अंत झाला. मार्च १८८४ मध्ये शाहू महाराज दत्तक येईपर्यंतची ही तेरा-चौदा वर्षे राजा नावापुरता आणि तिजोरी इंग्रज पोलिटिकल एजंट व कारभाऱ्यांच्या हाती, अशी गेली. मंटच्या कोल्हापुरातल्या इमारती नेमक्या याच वर्षांतल्या आहेत. राजाची हौस किंवा सरदारांचा हट्ट त्यांच्यामागे नव्हता. ‘सुधारलेले संस्थान कसे दिसावे’ याची कारभाऱ्यांची कल्पना होती. म्हणून आधी टाऊन हॉल आणि इस्पितळ आले. राजवाड्याचा नंबर त्यांच्या मागून लागला.

टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळातला. उतरती छपरे, टोकदार कमानी, दर्शनी बाजूचे दोन निमुळते मनोरे : शैली उघड गॉथिक. मुंबईत त्याच सुमारास विद्यापीठाचा राजाबाई टॉवर चढत होता. त्याच भाषेतला हा गावठी उच्चार म्हणावा. इथे मंट अजून इंग्लंडमध्ये शिकलेले गिरवतो आहे. आज या इमारतीत कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय आहे. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती या संग्रहाचे भूषण. इस्पितळाला तेव्हाचे युवराज अल्बर्ट एडवर्ड यांचे नाव दिले गेले. आज सारा जिल्हा त्याला ‘सीपीआर’ म्हणून ओळखतो. दीडशे वर्षांच्या आसपास वय झालेल्या त्या आवारात आजही दूरदूरच्या खेड्यांतून रुग्ण येतात. एखाद्या वास्तूची याहून मोठी परीक्षा कोणती?

नव्या राजवाड्यात मंटचा हात बदललेला दिसतो. बांधकाम १८७७ ते १८८४ चालले; खर्च सुमारे सात लाख रुपये. दगड काळा, घडीव, घोटून चकचकीत केलेला. सह्याद्रीच्या या भागात पायाखाली हाच दगड. अंबाबाईचे देऊळ त्याचेच आणि जुना राजवाडाही त्याचाच. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ. कमानी, छत्र्या, सज्जे आणि त्यांना तोलणारे कोरीव कंस यांत गुजरातची जैन मंदिरे, राजस्थानचे राजवाडे आणि इथला मराठी वाडा अशा तिन्ही वाटा एकत्र येतात. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. रंगीत काच म्हणजे विलायती चर्चची रीत, तिच्यावर आले मराठ्यांचे दैवत.

आराखड्याचा सांगाडा मात्र युरोपीय आहे. समोरासमोरची समतोल मांडणी, मधला मनोरा, पाहुण्यांसाठी वेगळी दालने. जुन्या वाड्यात आधी चौक येतो आणि त्याच्याभोवती घर वाढते. मंटचे घर बाहेरून आत येते. या मिश्र शैलीला नंतर ‘इंडो-सॅरासेनिक’ हे नाव चिकटले. अनेकांच्या हातून तिचे नुसते घुमटांचे प्रदर्शन झाले. मंटचे वेगळेपण असे, की ज्या मुलखात बांधायचे तिथल्या जुन्या इमारतींकडून त्याने तपशील घेतला. अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत त्याच्याच आराखड्याची आणि ती पांढऱ्या संगमरवराची. कोल्हापुरात काळा दगड. गाव बदलले तसे द्रव्य आणि नक्षी बदलली.

त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे बडोद्याचा लक्ष्मी विलास. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांसाठी हा राजवाडा आखला गेला. तो पुरा झाला १८९० मध्ये आणि पुरा केला रॉबर्ट चिझमने, कारण मंट नऊ वर्षांपूर्वीच गेला होता. मेयो कॉलेजची इमारत १८८५ मध्ये खुली झाली, कोल्हापूरचा राजवाडा १८८४ मध्ये. आपल्या तिन्ही मोठ्या इमारती पूर्ण झालेल्या पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

इथेच ती प्रसिद्ध दंतकथा सुरू होते. मंटला आपल्या हिशेबात चूक झाल्याचे वाटू लागले, राजवाडे कोसळणार या धास्तीने तो भ्रमिष्ट झाला आणि त्याने जीव दिला, असे सांगतात. पर्यटकांना ही गोष्ट आवडते. बडोद्याला गेलेल्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते. अकाली मृत्यू खरा आहे. निरनिराळ्या ठिकाणची अवाढव्य कामे एकाच वेळी एका माणसाच्या डोक्यावर होती, हेही खरे. हिशेब चुकल्याचा पुरावा मात्र कोणत्याही भिंतीने आजवर दिलेला नाही. अंदाजे एकशे चाळीस पावसाळे या इमारतींनी काढले. १९६७ च्या कोयना भूकंपाने हा सारा प्रदेश हादरला, त्यातूनही कोल्हापूरचा राजवाडा उभा राहिला.

मंटच्या कामाचा निवाडा करताना त्याच्या वेडाची चर्चा बाजूला ठेवावी आणि एक वेगळा हिशेब मांडावा. आराखडा त्याचा, पण काळ्या दगडाला आरसा बनवण्याची कला त्याच्या अभियांत्रिकी पुस्तकात नव्हती. ती इथल्या पाथरवटांच्या हातात होती. कंस, कमळे आणि जाळ्या कागदावर सुबक दिसतात. कठीण दगडात त्या उतरवायला पिढ्यांची सवय लागते. जुन्या वास्तूंवर करवून घेणाऱ्याचे नाव राहिले. मंटच्या काळात त्याच्या जोडीला आराखडा करणाऱ्याचे नाव आले. तिसरे नाव, करणाऱ्याचे, अजून यायचे आहे.

ते सापडण्याची आशा आहे. संस्थानी कारभारात पै-पैचा हिशेब लिहिला जाई. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानचे मोडी आणि इंग्रजी दप्तर आहे. आता मोडी वाचणारे तरुण गावोगाव तयार होत आहेत आणि वास्तुशास्त्राची महाविद्यालये जुन्या इमारतींची मोजमापे घेत आहेत. या दोघांनी एकत्र बसून १८७२ ते १८८४ मधली बांधकाम खात्याची हजेरीपत्रके आणि खर्चाच्या याद्या शोधाव्यात. एखाद्या गवंड्याचे, एखाद्या पाथरवटाचे नाव मिळाले, तर ते टाऊन हॉलच्या दारात मंटच्या नावाशेजारी मराठीत लावावे. या कामाला फार मोठा निधी लागणार नाही. चिकाटीचे वाचक लागतील.