नॅनोजगाची नवलाई – लेखांक ७ : जंतुमारक कार्बन, बशीत आणि बशीबाहेर

मागच्या लेखांकात चांदीच्या नॅनोकणांची गोष्ट झाली. चांदी आयन सोडते आणि त्या आयनांनी जंतू मरतात; सरळसरळ विषप्रयोगच. कार्बनकडे असलं विष नाही. पेन्सिलीचं टोक चघळणाऱ्या पोरांना ग्रॅफाइटने काही होत नाही. तोच कार्बन अणूभर जाडीचा पापुद्रा किंवा पोकळ नळी झाला की बॅक्टेरियांच्या जिवावर कसा उठतो?

याचा पहिला ठोस पुरावा २००७ मध्ये येल विद्यापीठातल्या मेनाकेम एलिमेलेक यांच्या प्रयोगशाळेने दिला. एकपदरी कार्बन नॅनोनळ्या अंगाला लागल्या की ई. कोलाय या बॅक्टेरियाचं आवरण फाटत होतं. ई. कोलाय साधारण दोन मायक्रॉन लांब, तर नळीचा व्यास एका नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जंतूच्या लांबीचा दोन हजारावा भाग. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने बहुपदरी, जाड नळ्या तपासल्या. त्यांचा मारा बराच सौम्य निघाला.

२०१० मध्ये ग्रॅफीनची, म्हणजे अणूभर जाडीच्या त्या पापुद्र्याची, पाळी आली. शांघायच्या संशोधकांनी ग्रॅफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडलेलं ग्रॅफीन, पाण्यात कालवून गाळलं आणि त्याचा चक्क कागद बनवला, त्यावर ई. कोलाय वाढेना. तेहरानच्या शरीफ विद्यापीठातून ग्रॅफीनच्या धारदार कडा जंतूंचं आवरण फाडतात असा अहवाल आला. पुढे २०१३ मध्ये संगणकी प्रतिरूपातून आणखी एक गोष्ट दिसली. पापुद्रा आवरणात नुसता घुसत नाही, तर तिथले स्निग्ध रेणू ओढून स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतो. आवरणाला भोकं पडतात ती अशी.

इथपर्यंत सगळं सरळ. पण २०११ मध्येच एका गटाने नेमकं उलटं छापलं होतं: ग्रॅफीन ऑक्साइडच्या सान्निध्यात बॅक्टेरिया मरत तर नाहीतच, उलट जास्त जोमाने वाढतात! मग खरं कोणाचं?

उत्तर निघालं जंतू ज्यात तरंगत होते त्या द्रवात. २०१४ मध्ये असं दिसलं की साध्या मिठाच्या पाण्यात ग्रॅफीन ऑक्साइड जंतू मारतं. पोषक रस्सा घातला की त्यातली द्रव्यं पापुद्र्यावर लिंपली जातात आणि त्याचा प्रभाव ओसरतो. २०१६ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी तर मुळावरच घाव घातला. त्यांनी नीट धुऊन शुद्ध केलेलं ग्रॅफीन ऑक्साइड जंतूंना मारेना. अर्धवट धुतलेलं मात्र मारत होतं, आणि ते काम त्यात उरलेल्या आम्लधर्मी अशुद्धींचं होतं. एखाद्या नमुन्याने इतके टक्के जंतू मारले असं वाचलं की तो कशात कालवला होता आणि किती वेळा धुतला होता, हे आधी विचारावं.

बुरशीचं प्रकरण आणखी चिवट. तिच्या पेशीभोवती कायटिन आणि ग्लुकनची जाड भिंत असते. तरीही २०१४ च्या एका चिनी अभ्यासात ग्रॅफीन ऑक्साइडने फ्युझेरियमच्या बीजाणूंना वेढून टाकलं आणि मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम या मात्रेला सुमारे ८० टक्के बीजाणूंचं अंकुरण रोखलं. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यात फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम ही जातही होती. आपल्याकडे हरभऱ्याला मर लागते ती याच जातीच्या एका प्रकाराने. पण शेतातली माती म्हणजे मिठाचं पाणी नव्हे. तिथे पापुद्र्यावर लिंपण चढवायला ह्यूमसपासून चिकणमातीपर्यंत सगळं हजर असतं.

शरीरातही तीच गत. रक्तातली प्रथिनं क्षणात या कणांवर थर चढवतात. शिवाय सुरक्षिततेचा प्रश्न उरतोच. लांब, ताठ बहुपदरी नळ्या उंदरांच्या पोटात सोडल्यावर ॲस्बेस्टॉससारखा दाह होतो, हे २००८ मध्येच दिसलं होतं. कोविडकाळात ग्रॅफीनचे मास्क बाजारात आले. त्यातले काही कॅनडाच्या क्युबेक प्रांतात शाळांना आणि पाळणाघरांना पुरवले गेले होते. एप्रिल २०२१ मध्ये हेल्थ कॅनडाने, कण श्वासावाटे फुप्फुसात जाण्याच्या शंकेवरून, ते वापरू नका असं सांगितलं. जुलैमध्ये तपासणीनंतर काही मॉडेल्सना पुन्हा परवानगी मिळाली.

म्हणून पोटात घ्यायच्या औषधापेक्षा पाणी गाळायचे पडदे आणि उपकरणांवरचे लेप इथेच या कार्बनचं काम आधी जमेल असं दिसतं. कण तिथे पृष्ठभागाला घट्ट बांधून ठेवता येतात.

पुढच्या लेखांकात : कार्बन डॉट. राउरकेलाच्या एनआयटीत २०१२ मध्ये ते संत्र्याच्या रसापासून बनवले गेले. असे ठिपके प्रकाश पडल्यावर जंतूंचं काय करतात, ते पाहू.