विश्लेषण : दुरुस्ती तयार होती, मग फोनपर्यंत का पोहोचली नाही?

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात निवास-न्याहारी चालवणाऱ्याचे कार्यालय म्हणजे हातातला फोन. खोलीची चौकशी व्हॉट्सअ‍ॅपवर, आगाऊ रक्कम यूपीआयने, स्कुबाची वेळही फोनवरच ठरते. असा फोन चार-पाच वर्षे जुना असला तर त्यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो आतल्या कर्नलचा, म्हणजे अ‍ॅप आणि यंत्रसामग्री यांच्यामध्ये बसून सगळ्यांना परवानगी देणाऱ्या मूळ प्रणालीचा. तिथली चूक जगात कुठे तरी दुरुस्त झाली, म्हणजे आपल्या फोनमध्येही झाली असे होत नाही. २०१९ मधील 'बाइंडर' प्रकरण हेच सांगते.

काय होते हे प्रकरण?

बाइंडर हा अँड्रॉइडमधील अ‍ॅपना एकमेकांशी आणि प्रणालीशी बोलू देणारा कर्नलचा भाग. त्यातील चूक अशी : पाहुण्याने खोली सोडली, वहीत नोंद झाली, खोली दुसऱ्याला दिली, पण पहिल्याची चावी अजून लागते! मेमरीचा मोकळा केलेला तुकडा जुन्या दुव्यातून पुन्हा वापरता येत होता. त्याचा फायदा घेऊन एखादे खोडसाळ अ‍ॅप संपूर्ण फोनचा ताबा मिळवू शकत होते.

ही चूक नोव्हेंबर २०१७ मध्ये सिझकॉलर या स्वयंचलित चाचणी प्रणालीने पकडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये लिनक्स ४.१४ मध्ये आणि अँड्रॉइडच्या ३.१८, ४.४ व ४.९ या सामायिक कर्नलमध्ये दुरुस्ती आली. दुरुस्ती होती अवघ्या काही ओळींची. मात्र तिला सुरक्षा त्रुटीचा क्रमांक मिळाला नाही आणि अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा पत्रकातही ती आली नाही. त्यामुळे आधीच विकल्या गेलेल्या कित्येक फोनमध्ये ती गेलीच नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातील मॅडी स्टोन यांनी या चुकीची तक्रार नोंदवली. तिचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची माहिती असल्याने मुदत दिली ती फक्त सात दिवसांची. बाधित दिसणाऱ्या फोनच्या यादीत खुद्द गुगलचा पिक्सेल २, सॅमसंगचे एस७, एस८, एस९ आणि शाओमीचे रेडमी ५ए व रेडमी नोट ५ होते. आता त्रुटीला क्रमांक मिळाला, सीव्हीई-२०१९-२२१५, आणि ऑक्टोबरच्या अपडेटमधून पिक्सेलना दुरुस्ती मिळाली. तयार औषध दीड वर्षाहून अधिक काळ कपाटात पडून होते, असेच म्हणावे लागेल.

'बॅकपोर्ट' म्हणजे काय?

नव्या आवृत्तीतील दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवणे. जाळे एका जागी फाटले म्हणून कोणी नवे जाळे घेत नाही. पण ठिगळ लावताना जुन्या जाळ्याचा आस बघावा लागतो. कर्नलचेही तसेच. मधल्या काळात फंक्शनची नावे बदललेली असतात, आतली रचना बदललेली असते. बाइंडरचेच पाहा. पूर्वी त्याला एकच मोठे कुलूप होते, ४.१४ पासून त्याजागी लहान-लहान कुलपे आली. अशा वेळी नव्यातल्या ओळी जुन्यात जशाच्या तशा उतरवल्या तर त्या बसत नाहीत, किंवा (हे जास्त वाईट) बसल्यासारख्या वाटतात आणि नवीच चूक तयार होते.

म्हणून लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांचे नियम कडक आहेत. दुरुस्ती आधी लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत गेलेली हवी, सोबतच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठी नको, आणि तपासलेली हवी. नवी सोय यात घुसवता येत नाही.

मग अडते कुठे?

साखळीत. लिनक्सकडून गुगलच्या सामायिक कर्नलकडे, तिथून चिप बनवणाऱ्याकडे, मग फोन कंपनीकडे आणि शेवटी आपल्याकडे. स्थिर आवृत्तीतील सगळ्या दुरुस्त्या घ्या, असा ग्रेग क्रोह-हार्टमन या देखभालकर्त्यांचा आग्रह जुना आहे. कंपन्यांचा कल मात्र पत्रकात नाव आलेल्याच दुरुस्त्या वेचण्याकडे असे. बाइंडरच्या दुरुस्तीला नावच नव्हते, त्यामुळे ती वेचली गेली नाही. अँड्रॉइड १२ पासून, ५.१० किंवा त्यापुढील कर्नलसह येणाऱ्या फोनना गुगलचा सामायिक कर्नल वापरणे बंधनकारक झाले. कंपनीचा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये गेला. साखळीतील एक-दोन कड्या त्यामुळे हलक्या झाल्या, पण जुन्या फोनना त्याचा उपयोग नाही.

आपण काय बघायचे?

सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या भागात दोन नोंदी सापडतात. कर्नल आवृत्ती ४.१४ किंवा ४.१९ दिसली म्हणून घाबरू नका. बॅकपोर्टमुळे मूळ क्रमांक जुनाच राहतो, बहुधा फक्त तिसरा आकडा वाढतो. खरी बघण्याची नोंद म्हणजे सुरक्षा पॅचची तारीख. ती दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर ठीक. वर्ष-दोन वर्षे तिथेच अडकली असेल, तर कंपनीने त्या फोनसाठी ठिगळे शिवणे बहुधा थांबवले आहे. असा फोन गाणी ऐकायला, फोटो काढायला ठेवा. पर्यटकांची आगाऊ रक्कम ज्या खात्यात येते, ते खाते त्यावर ठेवू नका.