छावणी उठली, घर राहिलं

शिवकालीन मराठी सैनिकाचं वर्ष ठरलेलं असे. दसऱ्याला मोहिमेवर निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं. पण जे कावेरीकाठी आले, त्यांचं हे वेळापत्रकच उलटंपालटं झालं...

तामिळनाडूतलं कुंभकोणम म्हणजे देवळांचं गाव. एका बाजूला कावेरी, दुसऱ्या बाजूला अरसलार. बाजारात विड्याच्या पानांच्या चळती, पितळेच्या भांड्यांची दुकानं आणि पावलोपावली फिल्टर कॉफीचा दरवळ. अशा अस्सल तामीळ गावात एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवरून अचानक मराठी कानावर पडते. हेल तामीळ, काही शब्द महाराष्ट्रातून केव्हाच हद्दपार झालेले, पण भाषा मराठीच. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमच्या अशाच एका मराठी घराण्यात जन्मले.

ही मराठी इथं आली कशी? फौजेबरोबर. १६७५च्या सुमाराला शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजीराजे, विजापूरचे सरदार म्हणून या मुलखात उतरले आणि तंजावरच्या गादीवर बसले. त्यांच्याबरोबर स्वार आले, कारकून आले, भिक्षुकही आले. पाठोपाठ १६७७ साली खुद्द शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाची भेट, मग जिंजी, वेलोरचा वेढा, शेरखान लोदीचा पाडाव असं करत जुलैमध्ये महाराजांची छावणी पडली ती तिरुमळवाडीला, कोल्लिडमच्या काठी. कावेरीचाच फाटा असलेली ही नदी पुढे कुंभकोणमच्या उत्तरेकडून समुद्राकडे जाते. इथंच दोघे भाऊ भेटले. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरला निघून गेले.

इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं असतं. पण त्या छावणीतला साधा बारगीर कसा राहत होता?

दोन तंबूंची छावणी

याचं उत्तर एका परक्या माणसानं लिहून ठेवलं आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच वखारीचा कारभारी फ्रान्स्वा मार्टिन यानं आपला वकील महाराजांकडे पाठवला होता. त्यानं पाहिलेल्या छावणीचं वर्णन मार्टिनच्या आठवणींत सापडतं. डामडौल नाही, बायका नाहीत, सामानसुमानाचं लटांबर नाही. तंबू फक्त दोन, तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि लहानसे. एक महाराजांचा, दुसरा त्यांच्या मुख्य प्रधानाचा. स्वाराचा पगार महिना दोन होन. घोडे सरकारी, आणि दोन माणसांमागे तीन घोडे. त्यामुळेच ही फौज एवढ्या झपाट्यानं पल्ला मारते, असा त्याचा निष्कर्ष.

म्हणजे राजाला आणि प्रधानाला तेवढं डोक्यावर कापड. बाकीच्यांनी उघड्यावर किंवा झाडाखाली पथारी टाकायची. ज्वारी-बाजरीवर वाढलेली ही माणसं आता भाताच्या मुलखात आली होती. नद्या अनोळखी, बोली अनोळखी. आणि घर? शेकडो कोस मागे.

बायकांना छावणीत मज्जाव का होता, तेही नोंदलेलं आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं आपल्या बखरीत लष्कराचे नियम दिले आहेत. फौजेत बायको, बटीक, कलावंतीण नेता कामा नये, नेली तर गर्दन मारावी. शत्रूच्या मुलखातली बायकापोरं धरू नयेत, गाय धरू नये. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी करायची आणि परतल्यावर झाडा घ्यायचा. यादीपेक्षा जास्त काही निघालं, तर ते सरकारजमा.

शिस्त एवढी कडक, तरी माणसं टिकत होती. कारण या शिस्तीला एक बाजू घराचीही होती. दसऱ्याला निघालेलं लष्कर पावसाळ्याच्या आत आपल्या मुलखात परतायचं. चार महिने छावणी. तिथं घोड्यांना दाणा-वैरण, औषधं, गवतानं शाकारलेले निवारे आधीच तयार ठेवायचे. सैनिकाचं घर आता आवाक्यात असायचं.

उंदराची काळजी करणारा राजा

या पावसाळी छावणीत महाराजांचं लक्ष किती बारीक होतं, हे त्यांच्या एका पत्रावरून कळतं. १९ मे १६७३ रोजी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिलेलं आहे. दाणा-वैरण जपून वापरा, आत्ताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असं महाराज बजावतात. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, त्याचं धान्य, भाजी, गवत उचलाल आणि त्याला वाटेल, यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील.

ज्याचं गवत वाचवायचं तो कुणबी आणि जो ते उचलेल तो स्वार, पुष्कळदा एकाच घरातले. पावसात नांगर धरायचा आणि दसऱ्यानंतर तलवार, असे कितीतरी हात त्या फौजेत होते. छावणी आणि घर यांच्यात अंतर होतं, पण भिंत नव्हती.

कावेरीकाठी नेमकं हेच मोडलं. महाराष्ट्रात पाऊस येतो मृगात. इथं जोराचा पाऊस सुरू होतो तो दसरा-दिवाळीच्या सुमाराला. मराठी स्वारानं सीमोल्लंघनाला निघायचं, तेव्हा इथं आभाळ भरून येतं. १६७७च्या नोव्हेंबरात, म्हणजे भर पावसाच्या दिवसांत, महाराजांची मागे ठेवलेली फौज आणि व्यंकोजींची फौज यांची लढाई झाली. दोन्हीकडे मराठे होते. पुढे तह झाला. त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना महाराजांनी चोळीबांगडीसाठी बंगळूरचा मुलूख दिला. राजघराण्याचं भांडण मिटलं. पण मागे राहिलेल्या शिपायांचं घर काही जवळ आलं नाही.

जिंजीतली आठ वर्षं

पुढे तर याहून कठीण काळ आला. १६८९ साली राजाराम महाराज वेष पालटून जिंजीला पोचले. १६९० ते १६९८ अशी तब्बल आठ वर्षं मोगलांचा वेढा जिंजीभोवती राहिला, कधी आवळत, कधी सैलावत. आता चार महिन्यांची छावणी आणि आठ महिन्यांची मोहीम कुठली! या वेढ्याच्या काळात राजाराम महाराजांनी वतनं आणि इनामं देऊन माणसं बांधून ठेवली. महाराज तामीळ मुलखातल्या किल्ल्यात, लढणारे कुठे कुठे विखुरलेले, पण सनदेत नाव महाराष्ट्रातल्या गावाचं. परत जायला गाव आहे, ते आपल्या मुलांना मिळणार आहे, हा तो विश्वास.

आणि सभासदानं बखर लिहिली तीही इथंच, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. दसऱ्याला निघून पावसाळ्याआधी परतण्याचा नियम कागदावर उतरला, तेव्हा तो पाळणं कुणालाच शक्य नव्हतं! जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यातला महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला म्हणजे ही जिंजी.

तंजावरचं मराठी राज्य १८५५ साली संपलं. फौज नाही, दरबार नाही, तरी कावेरीकाठची मराठी घरं राहिली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद राहिले. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला आज विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर आहे आणि इथल्या भजनांत तामीळ गळ्यातून मराठी अभंग उमटतात. तामीळ मिठाईच्या दुकानात ‘पोळी’ मागितली तर पुरणाचीच मिळते.

दरवर्षी दसरा होतो आणि थोड्याच दिवसांत कुंभकोणमला पावसाची झड लागते. महाराष्ट्रात तेव्हा पाऊस संपून शेतं पिवळी पडू लागलेली असतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच दिवसांत इथल्या एखाद्या झाडाखाली, भिजलेली घोंगडी पिळत, एखादा बारगीर मनाशी हिशेब करत बसला असेल, की गावाकडे आता कापणी सुरू झाली असेल. ती कोण करत असेल?