घरच्या पातेल्यात दालचिनीचा गोड पाव

सोमेश्वरनगरच्या माणसाला साखरेचे कौतुक सांगायला नको. गळीत हंगाम लागला की कारखान्याचा वास घराघरांत पोचतो. पण साखरेच्या गावात राहूनही मुलाच्या वाढदिवसाला केक आणायचा म्हटले की आधी खिसा चाचपावा लागतो. भगिनींनो, त्याऐवजी घरीच गोड पाव भाजता येतो आणि त्याला ओव्हनही लागत नाही.

मैदा, साखर, डालडा बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणायची पद्धत आपल्याला ठाऊक आहेच. इथे उलटे करायचे. पीठ बेकरीचे, भाजणे घरचे. पावाचे पीठ मळून फुगवायचे तर दोन-तीन तास जातात. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईकडे तेवढा वेळ कुठला? ओळखीच्या बेकरीवाल्याला आदल्या दिवशी सांगून लादी पावाचे मळलेले पीठ आणावे. त्यात कमीपणा नाही. डबा मात्र मोठा न्यावा, कारण पिठातले यीस्ट जिवंत असते आणि पीठ वाटेतही फुगत राहते.

साहित्य : मळलेले पीठ अर्धा किलो, साखर १०० ग्रॅम, दालचिनीची पूड २ चहाचे चमचे, पातळ केलेले तूप किंवा लोणी ५० ग्रॅम.

कृती : पिठाचे लहान लिंबाएवढे गोळे करावेत. प्रत्येक गोळा तुपात बुडवून साखर-दालचिनीत घोळवावा आणि तूप लावलेल्या डब्यात एकमेकांना चिकटून रचावा. डबा अर्धाच भरावा. झाकून अर्धा-पाऊण तास उबेला ठेवावा. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात वाटीभर मीठ पसरून वर कडे ठेवावे. झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवावे. मग डबा आत ठेवून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. सुरी खुपसून पाहावी. तिला ओले पीठ लागले नाही म्हणजे पाव झाला. पाच मिनिटांनी ताटात उपडा करावा. वरची बाजू फिकी राहते, पण तळाला साखरेचा तांबूस पाक धरतो आणि उपडा केल्यावर तोच वर येतो.

दालचिनी पिठात मळू नये. तिच्या तिखट तेलाने यीस्ट मंदावते. बाहेरून लावली की वासही चांगला सुटतो. आपल्या कोकणातही नारळ-सुपारीच्या बागांत दालचिनी लावतात.

लादी पावात गोळे एकमेकांत मिसळतात. इथे मध्ये तूप-साखर असल्याने प्रत्येक गोळा अलगद सुटतो. अमेरिकेत याला ‘मंकी ब्रेड’ म्हणतात. सुरी लागत नाही. सगळ्यांनी भोवती बसायचे आणि हातानेच तोडून घ्यायचे.

भाकरीच्या तुकड्यांसाठी माणुसकी विकू नका, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत बजावले होते. आपल्या आजी-पणजीला वरून टाकलेला तुकडा पदरात घ्यावा लागे. आज तिची नातवंडे आपल्या कष्टाच्या पैशाचा पाव एका ताटातून तोडून खातात. पहिला गोळा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. ऊन आहे तोवरच द्या, कारण निवला की पाक कडक होतो.